तिसऱ्या नळीतली शांतता

श्रवण आला तेव्हा त्याला घेऊन एक माणूस आला होता. त्यानं खोकं उघडलं, चार पट्टे काढले, विमानाच्या इंजिनावरच्या चार रबरी नळ्यांभोवती आवळले, पट्ट्यांच्या तारा एका राखाडी पेटीत खोचल्या आणि जमलेल्यांना सांगितलं, की इथून पुढं कुणी कान द्यायची गरज नाही. मग चहा पिऊन तो दुपारच्या बसनं निघून गेला. ही २०३७ सालची गोष्ट. त्यानंतर चार वर्षं कारंजखेडच्या धावपट्टीवर कुणी खरोखरच कान दिला नाही.

कारंजखेड वाशीमच्या पुढं आहे. तिथं वऱ्हाड हवाई सेवेची तीन लहान विमानं राहतात. चार माणसं बसतील एवढी, उसाच्या इथेनॉलवर चालणारी. तालुक्याच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने आणायचे, लसी पोचवायच्या, सोयाबीनवर रोग पडलाय का ते वरून बघायचं, अशी त्यांची कामं. रंगनाथ जुमडे तिथला मुख्य मिस्त्री. वय अठ्ठावन्न. आधी एसटीच्या डेपोत सतरा वर्षं रेडिएटर आणि पंप, मग परीक्षा देऊन विमानाचा परवाना. एसटी आणि विमान यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "एसटी बंद पडली तं लोक उतरून ढकलतात."

या इंजिनाचं थोडं सांगायला हवं. त्याला चार सिलिंडर असतात आणि प्रत्येकाचं डोकं पाण्यानं गार ठेवावं लागतं. पाणी म्हणजे नळाचं नव्हे, हिरवट कूलंट. पण मिस्त्री लोक त्याला पाणीच म्हणतात. चार डोक्यांतून चार नळ्या निघतात आणि पुढच्या बाजूला, इंजिनाच्या माथ्यावर, एका छोट्या टाकीत येतात. तिथून पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं आणि पंप त्याला परत डोक्यांत ढकलतो. या सगळ्या संसारात शत्रू एकच, हवा. कुठूनतरी आत शिरते आणि हलकी असल्यामुळं सर्वांत उंच जागा पटकावते. एकदा बसली की स्वतः काही वाहून नेत नाही आणि दुसऱ्यालाही पुढं जाऊ देत नाही. कार्यालयात नोकरी केलेल्यांना हा स्वभाव समजावून सांगावा लागत नाही. जिथं हवा बसली तिथं पाणी पोचत नाही, जिथं पाणी पोचत नाही तिथला धातू तापत जातो, आणि चार हजार फुटांवर तापलेला धातू आपली तक्रार लेखी देत नाही.

श्रवणची करामत अशी, की तो हवा ऐकायचा. पाण्यातल्या प्रत्येक बुडबुड्याला स्वतःचा सूर असतो. मोहरीएवढा बुडबुडा बारीक किंचाळतो, लिंबाएवढा घोगरा बोलतो. आपल्याला ते ऐकू येत नाही, कारण मध्ये नळी असते आणि शेजारी इंजिन. श्रवणचे पट्टे नळीच्या बाहेरून हे सगळं टिपायचे, आणि पेटी तीन मिनिटांत सांगायची की बुडबुडे किती आणि केवढे. आधी छापील चिठ्ठी यायची आणि मग बँकेत टोकन पुकारतात त्या आवाजात पेटी बोलायची: "तीन मिनिटे ऐकले. बुडबुडे शून्य. निर्दोष. उड्डाणास योग्य." हिरवी चिठ्ठी सात दिवस चालायची. लाल चिठ्ठीही सात दिवस बदलायची नाही, कारण लोक यंत्राला पुन्हा पुन्हा ऐकायला लावतील आणि कधीतरी हो म्हणवून घेतील, अशी कंपनीला भीती होती. श्रवण आल्यावर उड्डाणापूर्वीच्या तपासणीच्या यादीतून 'टाकीचं झाकण उघडून पाणी पाहणे' आणि 'ओव्हरफ्लोची बाटली पाहणे' या दोन ओळी वगळण्यात आल्या. यादी एका पानात बसू लागली म्हणून वरून अभिनंदनाचं पत्रही आलं.

रंगनाथची मुलगी ईश्वरी याच सेवेत सहवैमानिक होती. घरात दोघंच, आणि गेलं दीड वर्ष ती दोघं कार्डावर बोलत होती. हँगरमध्ये वैमानिकानं मिस्त्रीला काही तोंडी सांगायचं नसतं. कामाचं कार्ड भरायचं असतं. दोष, ठिकाण, सही. मिस्त्री खाली लिहितो: उपाय, वेळ, सही. ईश्वरीनं ही पद्धत घरी आणली. फ्रीजवर कार्ड लागायचं: 'दोष: दूध संपले. ठिकाण: फ्रीज.' खाली रंगनाथ लिहायचा: 'उपाय: एक लिटर आणले. तपासून सही करावी.' ती तपासायची आणि सही करायची. शेजाऱ्यांना हे घर फार शांत वाटायचं.

याचं कारण एक बुडबुडा. दीड वर्षापूर्वी ईश्वरीचं पहिलं एकटीचं लांब उड्डाण होतं. त्या सकाळी रंगनाथनं जाहीर केलं की पाण्यात हवा आहे, आणि कुणी काही म्हणायच्या आत इंजिन उघडून ठेवलं. उघडलेलं इंजिन मिटायला दिवस लागतो. तो दिवस तिचा गेला आणि पाळी दुसऱ्याला मिळाली. नंतर तिनं श्रवणच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. आदल्या दिवशी शून्य, दुसऱ्या दिवशी शून्य. "हवा होती, गेली," असं रंगनाथ म्हणाला. त्यानंतर तिनं कार्डांचा गठ्ठा घरी आणला.

यंदा दसऱ्याच्या दिवशी तिची कप्तानपदाची परीक्षा होती. साडेतीन मुहूर्तांतला दिवस म्हणून तिनं तो मागितला, आणि संगणकानं तो लगेच दिला, कारण दुसऱ्या कुणालाच नको होता. नापास झाली तर पुढची तारीख चौदा महिन्यांनी. सेवेत कप्तानाची जागा एकच रिकामी होती आणि ती चौदा महिने कुणासाठी थांबणार नव्हती.

अष्टमीच्या दुपारी रंगनाथनं तिच्या विमानातलं कूलंट बदललं. रीतसर हवा काढली, इंजिन तापवलं, श्रवणनं शून्य सांगितलं. खरं तर असं काम केल्यावर इंजिन पूर्ण गार झालं की दुसऱ्या दिवशी झाकण उघडून बघायचं असतं, आणि कमी असेल तर टाकी भरायची असते. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हँगरमधले सगळे पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर हळदीकुंकू लावून पाटावर मांडलेले, आणि पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही हा नियम विमानवाल्यांनीही पाळलेला. इंजिनावरच्या पत्र्याला बारा स्क्रू. एका दिवसानं काय होतं, बाटलीत भरपूर पाणी आहे, लागेल तेवढं इंजिन स्वतः ओढून घेईल, असं म्हणून रंगनाथनं त्या दिवशी सोनपापडी खाल्ली.

कारंजखेडची आणखी एक रीत होती. नवमीला विमानांनी देवीला नमस्कार करायचा. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळीच विमानाचं शेपूट उचलून लाकडी घोडीवर ठेवायचं, म्हणजे नाक खाली झुकतं आणि समोरच्या देवीच्या तसबिरीपुढं विमान वाकलेलं दिसतं. ही कल्पना हँगरच्या प्रमुख स्मिता पांढरीपांडे मॅडमची. भक्ती होतीच, शिवाय मॅडमची उंची चार फूट दहा इंच होती आणि एरवी नाकाला हार घालायला शिडी लागायची.

दसऱ्याला सकाळी आठ वाजता परीक्षक कॅप्टन ढमढेरे अकोल्याहून गाडीनं आले. उतरल्या उतरल्या त्यांनी आपलं वेळापत्रक सांगितलं.

"घरी श्रीखंड आहे. माझ्याशिवाय वाटी हलणार नाही असं मला वाटतं, पण घरच्यांना वाटत नाही. दीड वाजता मी निघालेलो असेन."

विमान घोडीवरून उतरवून बाहेर आणलं होतं. ईश्वरीनं यादीप्रमाणं तपासणी केली. इंजिन दहा मिनिटं चाललं, श्रवणनं ऐकलं, पेटी बोलली. बुडबुडे शून्य. निर्दोष. इंजिन बंद झाल्यावर रंगनाथ पुढं आला आणि त्यानं तेल बघायची छोटी झडप उघडली. तेल बघून झालं, पण त्याचा हात आत गेलेला होता तो तसाच पुढं सरकला. डेपोतली सवय. नळीला तळहात नाही लावायचा, भाजतो. हाताची पाठ टेकवायची आणि लगेच काढायची. पहिली नळी कडक तापलेली. दुसरी तशीच. चौथीही. तिसरी गार. त्यानं पुन्हा हात टेकवला आणि या वेळी तसाच ठेवला. दिवाळीत आंघोळीआधीचं तेल असतं, तेवढीसुद्धा ती गरम नव्हती.

"उडू नको," तो म्हणाला.

ईश्वरी वळली. दीड वर्षात पहिल्यांदाच तो तिच्याशी तोंडानं बोलला हे तिच्या आधी मॅडमच्या लक्षात आलं.

"कार्ड भरा," ईश्वरी म्हणाली.

"कार्डाले वेळ नाई. तिसरी नळी थंडी हाय. डोक्यात हवा बसली."

मॅडमनी पडद्यावरचे आकडे पाहिले. "अहो जुमडे, तिसऱ्याचं अडुसष्ट दाखवून राहिलं. बाकीची ब्याण्णव आहेत. हे तर सगळ्यात छान आहे."

"मॅडम, तो आकडा पाण्याचा असते. सेन्सरची सोंड पाण्यात बुडून असली तं खरं सांगते. आता ती हवेत लटकून राहिली. घरात आग लागली अन् थर्मामीटर अंगणात टांगलं, तं ते गारच दाखवनार ना."

"पण श्रवणनं हो म्हटलंय."

"म्हटलं ना. तेच तं मले समजून नाई राहिलं."

कॅप्टन ढमढेरेंनी घड्याळ पाहिलं आणि फारच सभ्य आवाजात नियम सांगितला. हिरवी चिठ्ठी हातात असताना उमेदवारानं उड्डाण नाकारलं तर ती नापास. मिस्त्रीला यंत्राचं पटत नसेल तर त्यानं मतभेदाचा नमुना क्रमांक एकोणीस भरावा. तो आजवर कुणी भरलेला त्यांनी पाहिला नव्हता, पण असतो असं ऐकलं होतं. तो भरून वरून निर्णय यायला दोन आठवडे. "आज निर्णय या बाईंचा. त्या बसतात किंवा बसत नाहीत."

ईश्वरी बापाकडं बघत म्हणाली, "मागच्या वेळीपण बुडबुडाच होता."

समोर परीक्षक होता, मॅडम होत्या, आणि खोटा दोष सांगून विमान अडवणं म्हणजे परवाना जाण्याचं काम होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. हवा होती, गेली, एवढं पुन्हा एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नव्हता," रंगनाथ म्हणाला. "त्या दिवशी बुडबुडा नव्हता. ढग होते. तू एकटी जाऊन राहिली होती अन् मले भेव वाटलं. म्हनून इंजिन खोललं."

कॅप्टन ढमढेरे म्हणाले, "हे आपण परीक्षकासमोर बोलताय, याची कल्पना आहे ना?"

"हाय ना साहेब. तुमी समोर उभे आहात, तं तुमी नाईच असं समजून कसं चालन." मग मुलीकडं वळून तो म्हणाला, "माह्यावर भरोसा ठेवू नको. ठेवावा असं मी काई केलंच नाई. फक्त हात लाव."

दीड वर्षं ईश्वरीला जे कागदावर हवं होतं ते तिला उघड्यावर, चारचौघांत मिळालं होतं, आणि ते नेमकं अशा वेळी मिळालं होतं की तिला त्याचं काहीही करता येत नव्हतं. मग तिनं बाही वर केली, झडपेत हात घातला आणि हाताची पाठ एकेका नळीला टेकवली. पहिलीला हात झटकन मागं आला. दुसरीला आला. तिसरीला आला नाही.

तिनं हात बाहेर काढला आणि पुसला.

"मी बसत नाही, सर."

"नकार?"

"नकार."

कॅप्टननी वही काढली. दहा वाजून पाच मिनिटं, उमेदवाराचा नकार, असं लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. कायद्यानं ते आता मोकळे होते आणि श्रीखंड त्यांच्या आवाक्यात होतं. पण ते तिथंच उभे राहिले.

"एक विचारू? कामाचं नाही, उगाच. एवढी हवा आत आहे, तर हे यंत्र गप्प का?"

"मलेबी तेच पायचं हाय," रंगनाथ म्हणाला, आणि स्क्रूड्रायव्हर आणायला गेला.

पत्रा उघडला. ओव्हरफ्लोची बाटली आरशासारखी चमकत होती. तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि आत पाण्याचा थेंब नव्हता.

"ही कोनं धुतली?"

ईश्वरीनं हात वर केला.

"अष्टमीला, पत्रा लावायच्या आधी," ती म्हणाली. "आतून किती पिवळट दिसत होती. दसऱ्याचं विमान आणि अशी बाटली. ओतून टाकली, घासली, बसवली. भरायची राहिली." मग ती म्हणाली, "म्हणजे भरायची असते हेच डोक्यात आलं नाही. यादीत ती ओळच नाही आता."

मग रंगनाथनं कॅप्टनना इंजिनाचा श्वास समजावून सांगितला. इंजिन तापतं तेव्हा पाणी फुगतं आणि जास्तीचं पाणी टाकीतून या बाटलीत येतं. इंजिन गार होतं तेव्हा पाणी आकसतं आणि बाटलीतलं पाणी परत आत ओढलं जातं. अष्टमीच्या संध्याकाळी इंजिन गरम असताना बाटली रिकामी झाली. नंतर ते गार होत गेलं, आत ओढत राहिलं, आणि पाणी नव्हतं म्हणून तांब्याभर हवा पिऊन बसलं.

"पण हवा टाकीत राहायला हवी होती," ईश्वरी म्हणाली. "टाकी सगळ्यात उंच आहे. तिथं राहिली असती तर काही बिघडलं नसतं."

"रोज असते उंच. परवा नव्हती."

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या लाकडी घोडीकडं पाहिलं, आणि मग, नकळत, मॅडमकडं. विमान नमस्कार करत होतं तेव्हा नाकाकडची टाकी खाली होती आणि मागचं तिसरं डोकं वर. हवेनं आपल्या स्वभावाप्रमाणं उंच जागा शोधली आणि तिथं बस्तान ठोकलं. विमान सरळ केल्यावर ती उठली नाही. ज्यांना मोक्याची जागा मिळते त्यांना ती जागा मोक्याची राहिली नाही हे कळायला वेळ लागतो.

"देवीपुढंच वाकवलं होतं हो," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या कोणापुढं नाही."

"अन् हा गप्प काऊन, ते आता समजलं," रंगनाथ पेटीवर बोट टेकवत म्हणाला. "बुडबुडा बोलते, कारण त्याच्या चारी बाजूनं पानी असते. पान्याबिगर सूर नाई. तिसऱ्या नळीत पानीच नाई, सगळी हवाच हवा. तं बोलन कोन? हा ऐकते बुडबुडे. बुडबुडे शून्य. खरंच सांगून राहिला बिचारा."

कॅप्टन ढमढेरेंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे थोडी हवा असेल तर ओरडतो, आणि सगळीच हवा असेल तर निर्दोष म्हणतो."

"शांतता म्हणजे तब्येत बरी, असं याले शिकवलं असन कोनीतरी."

काम सुरू झालं. परवा विमानाला वाकवलं होतं, आता छाती काढायला लावलं. शेपूट खाली बांधलं, पुढचं चाक खताच्या दोन गोण्यांवर चढवलं, टाकी पुन्हा सर्वांत उंच झाली. रंगनाथनं झाकण काढून कूलंट भरायला घेतलं. ईश्वरी तिसरी नळी दोन्ही हातांनी दाबायची आणि सोडायची, दाबायची आणि सोडायची, गाईचं दूध काढावं तशी. सुरुवातीला काहीच झालं नाही. रंगनाथनं पंखा हातानं सावकाश फिरवला. मग इंजिनाच्या पोटात कुठंतरी डबक असा आवाज झाला, टाकीच्या तोंडाशी एक मोठा फुगा आला, फुटला, आणि पाण्याची पातळी चार बोटं खाली गेली.

"उठली," रंगनाथ म्हणाला. "दाब तू. थांबू नको."

"हात भरून आले."

"माहे द्यायले नाई येत, झाकन कोन धरन? दाब."

त्यानं पुन्हा भरलं. पुन्हा फुगे. कॅप्टन ढमढेरे टाकीवर इतके वाकले की मॅडमनी त्यांचा टाय धरून ठेवला. मोठे फुगे संपले आणि बारीक बारीक येऊ लागले. तेवढ्यात श्रवण जागा झाला. पट्टे नळ्यांवरच होते. इतका वेळ रिकाम्या नळीत काही ऐकायला नव्हतं. आता पाणी आलं होतं आणि हवा त्यातून निघून चालली होती, हजार आवाजांत बोलत. पेटीतून लाल चिठ्ठी बाहेर आली.

"बुडबुडे दोन हजार एकशे चाळीस. गंभीर धोका. विमान सात दिवस बंद ठेवावे. जबाबदार तंत्रज्ञाची चौकशी करावी."

"जाताना सगळेच बोलतात," कॅप्टन म्हणाले.

साडेअकराला टाकीत फुगा येणं थांबलं. बाटली भरली. इंजिन पुन्हा दहा मिनिटं चालवलं. चारही नळ्या सारख्या तापल्या. ते आधी ईश्वरीनं बघितलं, मग मॅडमनी, आणि मग कॅप्टन ढमढेरेंनी, ज्यांनी उत्साहात तळहात लावला आणि नंतर थोडा वेळ बोटं तोंडात धरून ठेवली. आता विमान पूर्ण बरं होतं आणि त्याच्या नावावर गंभीर धोक्याची चिठ्ठी होती.

रंगनाथ पट्टे काढून, पेटी उचलून मॅडमच्या कार्यालयात गेला. मॅडमची खुर्ची लोखंडी नळ्यांची होती. त्यानं श्रवणचे चार पट्टे खुर्चीच्या चार पायांना आवळले. पेटीनं विमानाचं नाव विचारलं. ईश्वरीनं टाइप केलं: खुर्ची. नवीन विमानाची नोंद झाली, असं पेटी म्हणाली. मग चौघं तीन मिनिटं खुर्चीभोवती उभी राहिली. मॅडमना उगाचच काळजी वाटू लागली.

"तीन मिनिटे ऐकले. बुडबुडे शून्य. निर्दोष. उड्डाणास योग्य."

कॅप्टन ढमढेरेंनी हिरवी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली. मग खुर्चीवर बसून पाहिली.

"नकार मी शाईनं लिहिलाय. खोडणार नाही," ते म्हणाले. "पण कारणाच्या रकान्यात ही चिठ्ठी टाचतो. हिरवी चिठ्ठी असताना नकार दिला म्हणून उमेदवाराला नापास करायचं, तर उद्या खुर्चीवर बसून उडायला नको म्हणणाऱ्यालाही करावं लागेल. वरच्यांनी ठरवावं. जुमडे, तुमच्या त्या जुन्या ढगांचंही काय ते सोमवारी बघू, ते मी विसरलेलो नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "बारा वाजतायत. माझी परीक्षा अजून व्हायची आहे. म्हणजे हिची. लाल चिठ्ठी असताना उडायचं कसं, ते सांगा."

मॅडमनी नमुना क्रमांक एकोणीस शोधून काढला. यंत्र हो म्हणत असताना मिस्त्रीला नको म्हणायचं असेल तर दोन आठवडे. पण यंत्र नको म्हणत असताना मिस्त्रीला हो म्हणायचं असेल तर लगेच, फक्त एक पोटकलम होतं. मॅडमनी ते मनात वाचलं, रंगनाथकडं पाहिलं, आणि मग मोठ्यानं वाचलं. 'यंत्राच्या विरोधात सही करणाऱ्या तंत्रज्ञाने त्या विमानाच्या पुढील पहिल्या उड्डाणात स्वतः बसावे.'

कलम करणाऱ्यानं ते धाक म्हणूनच घातलं असणार. रंगनाथला ते फार बरोबर बसलं, कारण चौदा वर्षांत तो एकदाही विमानात बसून वर गेला नव्हता. कुणाला हे ठाऊक नव्हतं. मिस्त्रीला कुणी विचारत नाही.

"काय लिहायचं असते याच्यात?" त्यानं पेन मागितलं.

"बाबा, नाही केलं तरी चालेल," ईश्वरी म्हणाली. "चौदा महिने म्हणजे काही फार नाहीत."

"हँगरमधून मले ते लई दिसतात," तो म्हणाला, आणि सही केली.

साडेबाराला विमान उठलं. पुढं ईश्वरी आणि कॅप्टन, मागं रंगनाथ, मांडीवर पान्यांची पिशवी, जणू वर एखादा नट सैल झालाच तर बाहेर हात काढून आवळता येईल. धावपट्टी संपली तेव्हा त्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली हँगरचं छप्पर होतं आणि त्याच्या कडेला कुणीतरी वाळत घातलेली पिवळी चादर.

"ते आपलं छप्पर?" त्यानं हेडफोनमध्ये विचारलं. "त्याले तं भोक हाय मधात. खालून कदी नाई दिसलं."

"प्रवाशानं परीक्षेत बोलायचं नसतं," कॅप्टन म्हणाले, आणि भोक बघायला स्वतःही वाकले.

पुढचा अर्धा तास रंगनाथ खिडकीला नाक लावून होता. खाली सोयाबीनचे कापलेले तुकडे, मध्ये हिरवी तूर, अडाण नदीचा बारीक चमकता पट्टा. विमान डावीकडं कललं, उजवीकडं कललं, कॅप्टननी इंजिन गेलं असं समजा म्हणून सांगितलं आणि आवाज एकदम कमी झाला. त्यानं पिशवी घट्ट धरली. पुढच्या आसनावर त्याच्या मुलीचा खांदा दिसत होता. तो जराही हलला नाही. तिनं विमान घसरत घसरत खाली नेलं, एक मोकळं शेत निवडलं, ते कोणतं आणि का ते कॅप्टनना सांगितलं, आणि मग इंजिनाला पुन्हा आवाज दिला. मान वर करून रंगनाथनं पाहिलं तेव्हा कॅप्टन ढमढेरे वहीत काहीतरी लिहीत होते आणि पान उलटत होते.

परतीच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी तापमानाची नोंद करायची असते. चारही आकडे ईश्वरीच्या समोरच्या पडद्यावर होते, ठळक, बोटाएवढे. मागच्या बाजूला रंगनाथसमोर एक जुना छोटा पडदा होता, त्याच्यावरही तेच.

"बाबा," हेडफोनमध्ये तिचा आवाज आला. "तिसऱ्याचं किती?"

रंगनाथनं खिशातून चष्मा काढला, लावला, पुढं वाकला आणि नीट बघितलं.

"ब्याण्णव."

पडद्याकडं न पाहता तिनं तो आकडा वहीत लिहिला.